गरम पाण्याचा नळ

जावयाच्या पँटचे दोन्ही पाय तिने बादलीत खाली दाबून धरले आणि मान वळवून तळ्याकडे पाहिलं. पायवाटेवर कोणी नव्हतं. तिने हुश्श केलं, बाह्या आणखी वर सारल्या आणि पँट बाहेर काढून कट्ट्यावर अशी काही घासायला घेतली, की शेजारच्या नळावर कप विसळणाऱ्या बाई वळून बघायला लागल्या.

या वयात चोरी करायची वेळ आली होती, आणि तीही धुण्याची! सात दिवसांच्या सुट्टीत कपड्याला हात लावायचा नाही, असं लेकीने गाडीत बसल्या बसल्या तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं. साक्षीला जावई होताच. "आई, मी आरशातून बघतोय हं," असा दमही त्याने भरला होता. तो लोकांना मोटार चालवायला शिकवायचा, तेव्हा आरशातून बघण्यात त्याचा हात कोण धरणार? तिनेही हसत हसत शब्द दिला. द्यायला काय जातंय? पाळताना नाकी नऊ येतात.

तरी चार दिवस तिने पाळला. चार दिवस ती झाडाखालच्या घडीच्या खुर्चीत पाहुण्यासारखी बसून राहिली. मासिकातलं एकच पान तीनदा वाचलं, पक्षी बघितले, पक्ष्यांनीही तिला बघून घेतलं. पण लेकीच्या मोठ्या तंबूच्या कोपऱ्यात चिखलाने बरबटलेल्या कपड्यांचा ढीग रोज वाढत होता आणि तो तिला स्वस्थ बसू देईना. ओले मोजे कोरड्या टॉवेलात कोंबलेले! असं कोणी ठेवतं का? आज दुपारी दोघं "तळ्यापर्यंत जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून गेली, ती झाडांआड झाली न झाली तोच हिने ढिगाचं बोचकं बांधलं, काखोटीला मारलं आणि धुण्याची शेड गाठली.

शेड म्हणजे वर पत्रा, खाली सिमेंटचा कट्टा आणि तीन नळ. दोन गार पाण्याचे, एक गरम. गरम नळाच्या डोक्यावर लाल बटण होतं. ते दाबून धरलं की वाफाळतं पाणी यायचं, बोट काढलं की बंद. भिंतीवर तंबूंच्या छावणीच्या व्यवस्थापकाची पाटी होती, 'एका तंबूला एकच दोरी. झाडांवर कपडे वाळत घालू नयेत.' ती पाटी तिला मनापासून आवडली. या सबंध रानात शिस्तीचा म्हणून एवढा एकच माणूस दिसत होता.

दुकान तिचं स्वतःचं, लाँड्रीचं. सव्वीस वर्षं ती ते एकटी चालवत आली होती. नवरा गेला तेव्हा तीन दिवस बंद ठेवलं, लेकीच्या लग्नात दोन दिवस, आणि त्यानंतर थेट आता. 'आठवडाभर बंद' ही पाटी जावयाने स्वतःच्या हाताने दाराला अडकवली आणि किल्लीही स्वतःच्याच खिशात टाकली. न जाणो, सासूबाई तंबूतून पळ काढायच्या!

"किती सफाईने धुता हो तुम्ही," कपवाल्या बाई म्हणाल्या. त्या शाळेत शिकवायच्या आणि पलीकडच्या निळ्या तंबूत नवऱ्याबरोबर उतरल्या होत्या, एवढं कालच्या बोलण्यात कळलं होतं.

"धंदाच आहे आपला."

"अय्या, मग माझं एक काम कराल?" बाईंनी लगेच पिशवीतून पुरुषाचा पांढरा शर्ट काढला. खिशाखाली पिवळट डाग होता. "दोनदा धुतला, जात नाही."

"डाग कसला आहे?"

"कॉफीचा असेल."

"असेल नको. कशाचा आहे ते सांगा."

"हे तर कॉफी म्हणाले."

तिने शर्ट उजेडात धरला, डागावरून अंगठा फिरवला, नाकाशी नेला. "कॉफी नाही, बिअर आहे. गार पाण्यात घालून ठेवा, जाईल."

बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मला म्हणाले होते, सोडलीये!"

ती हसली. दुकानात हा प्रश्न ती दिवसातून वीसदा विचारायची. कसला डाग? आणि भली भली माणसं काउंटरपाशी उभी राहून खोटं बोलायची. तिला त्याचं काही वाटत नसे. ती सरळ सांगायची, लपवाल तर कपडा तुमचाच जाईल, माझं काय जातंय? मग लोक मान खाली घालून खरं सांगायचे. गल्लीतल्या निम्म्या संसारांची खबर तिला अशी घरबसल्या मिळाली होती.

कपडे पिळून होत आले तेव्हा तिच्या लक्षात आलं, चादर एकच आहे. पिवळ्या चादरींची जोडी तिने स्वतः इस्त्री करून लेकीच्या पिशवीत घातली होती. लाँड्रीवाल्या बाईला हिशेबातली चूक एक वेळ चालेल, कपड्यांच्या मोजणीतली नाही. ती उठली, हात झटकत मोठ्या तंबूत गेली, अंथरुणं वर करून पाहिली. चादर नव्हती. मग गाडीकडे गेली. डिकी उघडीच होती. डबे, घडीचं टेबल, दोऱ्या, हवा भरायचा पंप, सगळं बाजूला केलं, आणि जादा टायरच्या मागे, अगदी कोपऱ्यात, तिला प्लॅस्टिकची पिशवी सापडली. तोंडाला गाठीवर गाठ मारलेली. सोडवता सोडवता तिचं नख मोडलं.

आत चादर होती. ओलीच.

"शाबास," ती स्वतःशीच पुटपुटली. "ओली चादर पिशवीत! कोणी शिकवलं यांना?" कुबट वास नाकात गेला तशी तिने तोंड फिरवलं, आणि दोघांना काय काय बोलायचं ते मनात जुळवत पुन्हा शेडमध्ये आली. चादर कट्ट्यावर फेकली आणि दोन्ही हातांनी पसरली.

मधोमध तपकिरी डाग होता. वीतभर रुंद, आणि त्याहून लांब.

कसला आहे, हे या वेळी कोणाला विचारायची गरज नव्हती. तिने चादरीवर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली. शेजारच्या बाई काहीतरी बोलत होत्या, त्यांच्या शाळेतल्या सहलीचं. शब्द कानावर पडत होते, आत काही शिरत नव्हतं.

आठ वर्षं वाट पाहून लेकीला दिवस गेले होते. महिन्यापूर्वी तिने फोनवर सांगितलं, तेव्हा ही गिऱ्हाईक समोर उभं असताना मागच्या खोलीत गेली आणि इस्त्रीच्या कपड्यांत तोंड खुपसून रडली होती. परवाच्या परवा, पहिल्या संध्याकाळी, झाडाखाली बसून तिने दोघांच्या हातात एक गठ्ठा दिला होता. जुन्या सुती चादरी धुऊन धुऊन लोण्यासारख्या मऊ केल्या होत्या, त्यांची बारा छोटी दुपटी शिवली होती. लेकीने एक गालाला लावलं. जावयाने एक डोक्याला बांधून तंबूभोवती फेरी मारली, आणि ही हसून हसून खुर्चीतून पडायची राहिली होती.

आणि मग एकेक गोष्ट येऊन तिच्यापुढे उभी राहिली.

तिसऱ्या दिवशी दोघं सकाळीच गॅसची टाकी आणायला गावात गेली होती. यायला चार तास लागले. "गॅस काय जमिनीतून खोदून काढलात?" असं तिने विचारलं तेव्हा दोघंही जरा जास्तच मोठ्याने हसली होती. त्या दिवसापासून लेक भर उन्हात लांब बाह्यांचा शर्ट घालून होती. कालपासून ती पुन्हा कॉफी प्यायला लागली होती. महिनाभर ज्या कॉफीच्या वासाने तिला मळमळायचं, ती दोन दोन कप पीत होती, आणि हिला किती बरं वाटलं! सुटली बिचारी एकदाची, अंगी लागेल आता, असं म्हणून हिनेच तिसरा कप पुढे केला होता.

"अगं बाई," ती म्हणाली. "काय ही अक्कल माझी."

"काय झालं?" शेजारच्या बाईंनी विचारलं.

"काही नाही. जुना डाग आहे."

हात तरी चालू ठेवावेत म्हणून तिने चादर गार नळाखाली धरली. तंबूतून मीठ आणलं, डागावर पसरलं, साबण लावला, मुठीत मूठ घालून चोळलं. पाणी नितळच वाहत राहिलं. डाग जागचा हलेना. सव्वीस वर्षांत तिच्या हातून रक्ताचा डाग राहिला, असं झालं नव्हतं. दवाखान्याच्या चादरी तिने धुतल्या होत्या, खाटकाचे एप्रन धुतले होते. गार पाणी, मीठ, धीर धरायचा, बस. हा डाग असा का हट्टाला पेटलाय, म्हणून तिने कापड डोळ्यांजवळ नेलं, आणि मग तिला दिसलं. कडा शेकल्या होत्या. कापड तिथे ताठरलं होतं. कोणीतरी त्यावर आधीच कढत पाणी ओतलं होतं. रक्तावर गरम पाणी पडलं की ते धाग्यात शिजतं, मग देव आला तरी काढू शकत नाही.

तिने मान वर करून लाल बटणाच्या नळाकडे पाहिलं.

हे लेकीचं काम नव्हतं. शक्यच नव्हतं. लेक सात वर्षांची असल्यापासून काउंटरवर हनुवटी टेकवून गिऱ्हाइकांना सांगायची, रक्ताला गार पाणी, तेलाला गरम, शाईला हात लावू नका, आईला द्या. ती झोपेतसुद्धा ही चूक करणार नाही. रक्ताचा डाग गरम पाण्याने धुणारा माणूस या तीन जणांत एकच होता. ज्याला वाटतं, पाणी जितकं कढत तितकं कापड स्वच्छ.

आणि ते बटण तर दाबून धरावं लागत होतं. म्हणजे एका हाताच्या अंगठ्याने बटण दाबायचं आणि दुसऱ्या एकाच हाताने घासायचं. त्याने तसंच केलं असणार. डागाच्या जागी कापडावर बारीक गोळे आले होते, सूत विरलं होतं. पुष्कळ वेळ घासलं होतं त्याने. हात पोळला असेल. जीव तोडून घासलं होतं पोराने, आणि जितकं घासलं तितकं पक्कं केलं होतं.

म्हणजे त्याला ठाऊक होतं. लेकीला तर होतंच. गॅसच्या टाकीचे चार तास दवाखान्यातले होते, आणि लांब बाही सुईची खूण झाकायला होती. आणि तिथून आल्यावर त्याच संध्याकाळी जावयाने मुलाच्या आणि मुलीच्या नावांची यादी काढली होती, एकेक नाव वाचून नकला केल्या होत्या, आणि लेकीने "हे नको, हे शेजाऱ्यांच्या कुत्र्याचं आहे" म्हणून त्याला उशी फेकून मारली होती. तेव्हा समोर खुर्चीत बसून पोट धरधरून कोण हसत होतं? ती. या रानात दुसरं बघणारं होतंच कोण? सगळा खेळ तिच्या एकटीसाठी चालला होता. सव्वीस वर्षांनी आई सुट्टीवर आली आहे, तिची बारा दुपटी शिवून झाली आहेत, तिला आता कोणत्या तोंडाने सांगायचं?

तिला वाटलं, असंच उठावं, तळ्याकडे धावत जावं आणि लेकीला पोटाशी धरावं. ती दोन पावलं गेलीसुद्धा. पण गाठून बोलणार काय? जगाला बेधडक विचारत आली होती, कसला डाग, आणि पोटच्या पोरीला विचारायला तिची जीभ रेटेना. विचारलं असतं तर लेक आधी आईची समजूत घालत बसली असती. रडू नकोस आई, मी बरी आहे, पुढच्या वेळी होईल. स्वतःचं दुःख बाजूला ठेवून तिने आईचे डोळे पुसले असते. लहानपणापासूनची खोडच होती ती तिची.

ती परत फिरली आणि कट्ट्याला टेकली. इतकी हतबल ती नवऱ्याच्या आजारपणातही झाली नव्हती. तेव्हा निदान औषधं द्यायची होती, पाय चेपायचे होते, रात्री जागायचं होतं. इथे करण्यासारखं एवढंसंही काही नव्हतं.

"निघत नाही वाटतं?" शेजारच्या बाईंनी शर्ट गार पाण्यात बुडवत विचारलं. "द्या हो फेकून. चादरच तर आहे."

"हो," ती म्हणाली. "चादरच आहे."

एक गोष्ट मात्र करता येण्यासारखी आहे, हे तिला चादर पिळताना सुचलं. अजून दोन दिवस होते. दोन दिवस त्या दोघांना सकाळी उठून हसायला लागणार होतं, यादीतली नावं वाचायला लागणार होती, आणि रात्री कापडी भिंतीपलीकडे सासू झोपलेली म्हणून रडायचीही चोरी. लेकीला तिच्या स्वतःच्या पलंगावर, स्वतःच्या दाराला कडी लावून, भिंतीकडे तोंड करून पडायला हवं होतं. ते इथून हलल्याशिवाय होणार नव्हतं.

तिने ओली चादर घडी करून पुन्हा पिशवीत घातली. ओलं कापड बांधून ठेवायची ही तिच्या आयुष्यातली पहिलीच वेळ. पिशवीला गाठ मारली, टायरच्या मागे होती तिथे सरकवली, वर पंप ठेवला, डबे लावले. मग बाकीचे कपडे तिने एका दोरीवर ओळीने वाळत घातले, सगळ्यांना दिसतील असे.

दोघं तासाभराने आली. जावयाचा हात लेकीच्या कोपराखाली होता. लांबून दोरी दिसताच त्याने दोन्ही हात आभाळाकडे नेले.

"आई! शब्द मोडलात!"

"मोडला," ती म्हणाली. "आणि ऐका जावईबापू, आता मला इथे एक दिवस राहवणार नाही. उद्या सकाळी घरी चला."

"काय झालं गं?" लेक म्हणाली. "अजून दोन दिवस आहेत."

"दोन दिवस पक्षी बघून मला वेड लागेल. बसून बसून कंबर धरली. तिकडे गिऱ्हाइकं दाराशी शिव्या घालत असतील. मला नाही बाई सोसत असली सुट्टी."

"तू ना, आई!"

"मी अशीच आहे. आता या वयात काय बदलणार?"

लेकीने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने तिच्याकडे. हिने मुद्दाम पाठ फिरवून एका शर्टाचे चिमटे काढले आणि पुन्हा लावले.

"गाडीत बसवेल ना पण तुला?" तिने पाठमोरीच विचारलं. आवाज सरळ ठेवायला तिला चांगलंच बळ लागलं. "सहा तासांचा रस्ता आहे."

"आता चालेल," जावई पटकन म्हणाला, आणि लगेच घसा खाकरला. "म्हणजे, मी सावकाश चालवेन. मध्ये मध्ये थांबू."

"मग ठरलं."

"तुमच्यापुढे कोणाचं चाललंय?" असं म्हणून तो दोरी ओढून घट्ट करायला लागला. दोरी घट्टच होती. त्याचा उजवा तळवा लालबुंद झालेला तिने जवळून पाहिला. अंगठ्याच्या खाली कातडं सुटलं होतं.

"हे काय झालं?"

"चुलीवर, हो. दोन दिवस झाले. काही नाही."

"मलम लावा."

"लावलंय."

लेक खुर्चीत बसली. बसली म्हणजे तिने अंग टाकून दिलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "तू कधी सुधारणार नाहीस, आई." दोन दिवसांनी तिचा आवाज तिचा स्वतःचा वाटला. त्या संध्याकाळी नावांची यादी निघाली नाही. तिघांनीही लवकर जेवून आपापला तंबू गाठला.

सकाळी तंबू उतरवले. जावयाने हिला कशाला हात लावू दिला नाही. डिकी तर त्याने एकट्यानेच भरली, पुन्हा पुन्हा सामान काढत आणि लावत. लेक त्याच्याशेजारी उभी राहून एकेक डबा हातात देत होती. हलके तेवढेच. मग तो तंबूचा बिल्ला परत द्यायला व्यवस्थापकाच्या खोलीकडे गेला आणि लेक येऊन गाडीत मागच्या सीटवर आईशेजारी बसली.

"पुढे नाही बसायचं?"

"नको. इथे बसते तुझ्याजवळ."

काच खाली होती. शेडमधून नळाचा आवाज येत होता. शेजारच्या बाई नवऱ्याशी काहीतरी वाद घालत होत्या, बहुधा शर्टावरूनच. लेक बाहेर बघत होती.

"टायरमागच्या पिशवीला बोचक्याची गाठ आहे," ती म्हणाली. "एक कान बाहेर ठेवलेली. दुकानातल्यासारखी."

हिचे हात मांडीवर होते ते तिथेच राहिले. आयुष्यभर हजारो बोचकी बांधली, हात आपोआप तीच गाठ मारत आले. लेकीने तिचा एक हात उचलला आणि आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"गार पाण्यात घातलीस?"

"घातली. मीठ लावलं."

"निघाला?"

"नाही गं," ती म्हणाली, आणि मग तिचा बांध फुटला. "नाही गं बाळा. खूप केलं मी. नाही निघाला."

लेकीने तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. रडली नाही, नुसती जड होऊन टेकून राहिली. हिने तिच्या केसांवरून हात फिरवला, एकदा, दोनदा. पलीकडे खोलीचं दार उघडलं. जावई पायऱ्या उतरला, पण लगेच इकडे आला नाही. भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि बाहीने त्याने चेहरा पुसला.

"आई."

"काय गं?"

"त्याला सांगू नकोस. त्याच्या हातून चादर मीच घेतली, आणि स्वच्छ निघाला म्हणून सांगितलंय त्याला."

"नाही सांगत."

तो गवतातून चालत येऊ लागला. गाडीपाशी पोचेपर्यंत त्याच्या तोंडावर हसू आलेलं होतं, आणि मागच्या सीटवर या दोघींचंही तयार होतं.